कात्री आणि चार ताटल्या

मी एका जागी दहा मिनिटं स्वस्थ बसू शकत नाही, ही माझी लहानपणापासूनची ख्याती. शाळेत बाकावर, लग्नाच्या पंगतीत, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, कुठेही बसवा, माझा उजवा पाय शिवणयंत्रासारखा चालूच. अशा माणसाला त्रेपन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि तिथे त्याला त्याच्याहूनही चुळबुळ्या प्राणी भेटला. पांढऱ्या पडद्यावर एक उभी काळी रेघ. लुकलुक, लुकलुक. पहिल्याच एंट्रीची वाट बघत विंगेत उभा असलेला नवखा नट जसा या पायावरून त्या पायावर होतो, तशी. मी बोट उचललं की ती थांबून बघायची, आणि मी विचार करायला लागलो की पुन्हा लुकलुक. "घे ना, घे ना, पुढचं वाक्य घे ना!" पहिल्या दिवसापासून आमचं दोघांचं जमलं नाही.

मला तिथे बसवलं होतं एका नियमाने. लालबागमधलं आमचं नाटकमंडळ दरवर्षी एकांकिका स्पर्धेत उतरतं. संहिता मी लिहितो, तीही शंभर पानी वहीत, बॉलपेनने, हाताला येईल त्या तिरप्या अक्षरात. यंदा स्पर्धेच्या पत्रकात आलं: संहिता मराठीत टाईप केलेली हवी, फाइल ईमेलने पाठवावी, शेवटची वेळ शुक्रवार, संध्याकाळी पाच. हस्तलिखित स्वीकारलं जाणार नाही. ते वाक्य त्यांनी ठळक अक्षरात छापलं होतं. माझं अक्षर तिथवर पोचलेलं होतं तर.

परळला एक जुनी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. पूर्वी तिथे दोन डझन मशिनं एकदम वाजायची, खालून जाणाऱ्याला वाटायचं वर गारा पडतायत. आता आठ कॉम्प्युटर आहेत, चिडीचूप. बाई मात्र त्याच. तेव्हाही हातात पट्टी, आताही हातात पट्टी. तेव्हा ती बोटांसाठी असायची, आता पडद्यावर दाखवायला आहे, पण मला दोन्ही शक्यता दिसत होत्या.

"आधी वहीत लिहू आणि मग टाईप करू, असं करायचं नाही," बाई म्हणाल्या. "एकदा आंघोळ झाल्यावर परत कोण आंघोळ करतं? डायरेक्ट इथेच लिहायचं."

"बाई, मला आधी हे यंत्र ओळखू दे."

"ओळखा. पण हात मागे ठेवून ओळखा."

हात मागे ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. त्या पडद्याच्या माथ्यावर चिन्हांची एक लांबलचक पट्टी असते, आणि तिच्यावर होम, इन्सर्ट, लेआउट, व्ह्यू अशी नावं. मला तो लाइटवाल्याचा बोर्ड वाटला. आणि लाइटवाला चहाला गेला की बोर्डावरचं प्रत्येक बटण एकदा दाबून बघायचं, हा माझा जुना धर्म. मी दाबत सुटलो. माझा पहिला प्रवेश दोन उभ्या कॉलमांत चिरला गेला, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींसारखा. मग पान आडवं झालं. मग अख्खं नाटक तिरकं झालं, वाऱ्यात उभं राहिल्यासारखं. एकदा तर वरची पट्टी, बाजूची पट्टी, सगळं नाहीसं होऊन नुसतं पांढरं उरलं. मी घाबरून कीबोर्डावरून हात वर केले, पोलीस आल्यासारखे.

"व्ह्यूमध्ये गेलात," बाई न बघता म्हणाल्या. "एस्केप दाबा आणि परत या."

तिसऱ्या दिवशी माझ्या प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली. प्रत्येक. शाळा सुटल्यापासून माझा असा अपमान कोणी केला नव्हता. "बाई, सगळंच चूक?"

"त्याची सेटिंग इंग्रजी आहे. त्याला मराठी येत नाही. तुम्हाला येतं ना? मग पुढे चला."

मी पुढे चाललो. बाईंचे तीन नियम मी तेवढे पाठ केले, कारण त्या ते पट्टीच्या तालावर म्हणून घ्यायच्या. दर पाच मिनिटांनी सेव्ह करा. काम झालं की नुसतं झाकण लावू नका, रीतसर बंद करा. आणि सेव्ह केलं की आत सगळं सुरक्षित असतं, उगाच घाबरू नका. हे तीन नियम तुम्हीही लक्षात ठेवा. माझा घात त्यांनीच केला, म्हणजे मी ते तंतोतंत पाळले म्हणूनच झाला.

पण त्याआधी ताईंबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी यातायात त्यांच्यासाठी होती.

ताई आमच्या मंडळाच्या प्रॉम्प्टर. अठ्ठावीस वर्षं. दवाखान्यात केसपेपर काढायची नोकरी करून संध्याकाळी तालमीला यायच्या आणि विंगेत एका स्टुलावर बसायच्या. त्यांचा प्रॉम्प्टिंगचा आवाज ही एक चीज होती. अर्धा श्वास, अर्धा शब्द. सहा फुटांवरच्या नटाला लख्ख ऐकू जायचा आणि सातव्या फुटावर विरून जायचा. पहिल्या रांगेतल्या परीक्षकालाही कधी पत्ता लागला नाही. रंगमंचावर मात्र त्या एकदाही आल्या नव्हत्या. सुरुवातीला नवऱ्याला आवडायचं नाही म्हणून, आणि तो गेल्यावर, "मग प्रॉम्प्टिंग कोण करणार?" म्हणून. ही आमची सोय होती. आम्ही तिला परंपरा म्हणायचो.

यंदा त्यांचे दोन्ही गुडघे थकले होते. दिवाळीनंतर त्या कायमच्या लेकीकडे बदलापूरला जाणार होत्या. म्हणून मी त्यांच्यासाठी भूमिका लिहिली. चाळीतला सार्वजनिक नळ काढून टाकावा की ठेवावा यावर मीटिंग भरली आहे, चार पुरुष भांडतायत, आणि नळापाशी एक म्हातारी पिंपावर बसून आहे, ती उठतच नाही. अशी ती एकांकिका. गुडघ्यांचीही सोय बघितली होती मी. अध्यक्ष मी स्वतः होणार होतो. शेवटाकडे अध्यक्षाला दीड पानांचं भाषण होतं. ते का होतं, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायची गरज नाही.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त "बघू" म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी केसांना काळं लावणं बंद केलं. म्हातारी पांढऱ्या केसांची आहे ना. जूनमध्ये भांगात तांदळाएवढी पांढरी रेघ होती. माझी संहिता पूर्ण होईपर्यंत ती चांगली दोन बोटं झाली. स्पर्धेचा फॉर्म मी अजून भरलेलाही नव्हता.

मंडळाच्या खोलीत दोन रविवारी मी, घरी सरावाला घेतलेल्या लॅपटॉपवरून, वाचन केलं. ताई नेहमीसारख्या माझ्या उजव्या हाताला, डोळे मिटून, ओठ हलवत. मंगळवारी शेवटचा हात फिरवला. शुक्रवारला तीन दिवस होते. शहाणा माणूस फाइल पाठवून मोकळा झाला असता. पण मला चैन पडेना. पुढच्या रविवारपासून तालमी. मला वाटलं, तोवर सगळ्यांच्या भूमिका वेगळ्या काढून ठेवू.

आमच्याकडे भूमिका काढायची एक पद्धत होती. संहितेची कार्बन कॉपी घ्यायची, मोठी कात्री घ्यायची आणि प्रत्येकाची वाक्यं पट्ट्यापट्ट्यांनी कापून ज्याच्या त्याच्या स्टीलच्या ताटलीत टाकायची. पात्रं पाच तर ताटल्या पाच. मग ताई खळ लावून त्या पट्ट्या प्रत्येकाच्या वहीत चिकटवायच्या आणि दोन पट्ट्यांमध्ये आधीच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द लिहायच्या. त्यावरून नटाने उचलायचं. पंखा बंद ठेवायला लागायचा. एका वर्षी कोणीतरी तो लावला आणि खलनायकाची अर्धी भूमिका गॅलरीतून खाली गेली.

तर मंगळवारी दुपारी वरच्या पट्टीवर, डाव्या कोपऱ्यात, मला काय दिसावं? कात्री! बोटाच्या नखाएवढी, पण कात्री! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. बाईंनी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं: कट केलेला मजकूर क्लिपबोर्डवर जातो, तिथून हवा तिथे पेस्ट करायचा. म्हणजे क्लिपबोर्ड ही ताटलीच की. आणि सेव्ह केलेली संहिता आत सुरक्षित. म्हणजे पडद्यावर दिसते ती कार्बन कॉपी. माझा हिशेब पक्का होता. त्यात कुठे फट आहे का, हे विचारायला मी घरी एकटाच होतो.

मी कापायला बसलो. सेक्रेटरीचं वाक्य, कट. पुढचं वाक्य, कट. सेक्रेटरी संपला, मग प्लंबर. मग पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू. मग मी, अध्यक्ष, दीड पानांच्या भाषणासकट. इतका वेळ एका जागी बसलो की पाय हलवायचा विसरलो. मध्ये दर पाच मिनिटांनी सेव्ह, बाई खूश व्हाव्यात म्हणून. चार जणांचं कापून झाल्यावर लक्षात आलं की पाचवं कापायलाच नको, उरलं ते ताईंचं. या अकलेवर मी इतका प्रसन्न झालो की चिवडा गल्लीत जाऊन पाव किलो चिवडा घेऊन आलो. त्याआधी अर्थातच मशिन रीतसर बंद केलं.

बुधवारी सकाळी नवीन पान उघडलं, ताटल्या ओतायला. पेस्टचं बटण राखाडी. दाबलं. मलूल. पुन्हा दाबलं. त्या कोऱ्या पानावर फक्त ती काळी रेघ. लुकलुक, लुकलुक. "घे ना, पुढचं वाक्य घे ना."

लॅपटॉप छातीशी धरून मी परळला बाईंकडे पोचलो. बाईंनी फाइल उघडली. तिच्यात नळ, पिंप आणि म्हातारीची तेवढी वाक्यं. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. तेवढ्याने मला घाम फुटला.

"क्लिपबोर्डवर एका वेळी एकच राहतं," बाई म्हणाल्या. "दुसरं कट केलं की पहिलं गेलं. पण अनडू आहे, मागे जाता येतं. कट केल्यावर बंद नाही ना केलंत?"

"केलं."

"पूर्ण?"

"रीतसर. नुसतं झाकण लावू नका, तुम्हीच म्हणालात."

"निदान सेव्ह तरी केलं नसेल मध्ये."

"दर पाच मिनिटांनी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "माझं इतकं ऐकणारा विद्यार्थी पहिल्यांदा मिळाला." मग त्यांनी तासभर त्या मशिनचे सगळे कोनाडे धुंडाळले. हाती काही लागलं नाही.

दुपारी दीडपर्यंत मी रस्त्याने नुसता फिरत होतो. संहिता पुन्हा लिहावी? लिहून बघितली होती मनातल्या मनात. गंमत बघा, माझं मलाच आठवेना. सेक्रेटरी काय म्हणतो याचा अर्थ आठवत होता, शब्द नाहीत. शेवटी डिलाईल रोडला ताईंच्या चाळीचा जिना चढलो.

ताई ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या. ताई बोलतात आपल्यासारखंच, फक्त रागावल्या की आतली मालवणी वर येते.

"काय रे, तोंड का असं? फॉर्म पाठवलास?"

मी सांगितलं. कात्री, ताटल्या, सेव्ह, सगळं. ऐकताना सुरी चालत राहिली. मग थांबली.

"म्हणजे सगळा गेला?"

"सगळं."

"आणि माझा?"

"तुमचं आहे, ताई. तुमचं तेवढंच आहे."

त्यांनी सुरी ओट्यावर ठेवली. मान खाली होती, त्यामुळे मला त्यांच्या भांगातली ती दोन बोटांची पांढरी पट्टी सरळ दिसत होती. तीन महिन्यांची. इतका वेळ मी स्पर्धेचा, मंडळाचा, स्वतःच्या अब्रूचा विचार करत होतो. केसांच्या या पट्टीचा केलाच नव्हता.

ताईंनी हात धुतले. पदराला पुसले. भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या आणि डोळे मिटले.

"वाच. माझं पहिलं वाक्य."

मी लॅपटॉप मांडीवर उघडला. "'मी उठले तर नळ कोरडा पडेल.'"

ताईंचे ओठ हलले. अर्धा श्वास, अर्धा शब्द. "त्याच्या आधी सेक्रेटरी: 'आजी, जरा बाजूला व्हा, ठराव वाचायचाय.' त्याच्या आधी प्लंबर: 'पाना कुठे ठेवला मी माझा?' त्याच्या आधी तू खोकतोस."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"बघतोस काय, मेल्या? टाईप कर!"

इतरांची वाक्यं लक्षात ठेवायची हेच काम त्या अठ्ठावीस वर्षं करत आल्या होत्या. दोन वाचनं त्यांना पुरेशी होती. मी त्यांचं वाक्य वाचायचो, त्या त्याच्या पुढचं-मागचं सांगायच्या. माझी टायपिंगची दोन बोटं, आणि त्यांचा वेग म्हणजे नळाला पाणी आल्यासारखा. "झाला काय रे? मी बदलापूरला जायच्या आत होईल?" मध्येच माझ्या हाताने काहीतरी दाबलं जाऊन म्हातारीचं वाक्य नाहीसं झालं. मी किंचाळलो. मग अनडू दाबलं आणि ते परत आलं. आम्ही दोघांनी त्या वाकड्या बाणाकडे आदराने बघितलं.

"ह्या बाईंनी आधी शिकवायचं ना," ताई म्हणाल्या.

गुरुवार पुरा गेला. कात्रीच्या चिन्हावर मी चिकटपट्टीचा तुकडा लावला होता, पडद्यावरच. त्याखाली आणखी दोन बटणं झाकली गेली, त्यांचा उपयोग मला आजही माहीत नाही. वाक्यांत एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. शंका आली की मी विचारायचो, "इथे 'परंतु' होतं की 'पण'?" ताई म्हणायच्या, "'पण'. 'परंतु' तू आयुष्यात म्हणाला नाहीस."

शुक्रवारी अडीच वाजता आम्ही अध्यक्षाच्या भाषणापाशी पोचलो. मी पाठ सरळ केली. ताई बोलल्या: "'मंडळी, नळ काढायचा की ठेवायचा, हे मी ठरवणारा कोण? मी फक्त अध्यक्ष आहे. पाणी मी कधी भरलेलं नाही. ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.'" आणि डोळे उघडले.

"पुढे?"

"पुढे काय? संपला. मग म्हातारी बोलते."

"ताई, दीड पान होतं ते."

"होतं? मग सांग तू. टाईप होईपर्यंत मी चहा टाकते."

मी उठलो, येरझाऱ्या घातल्या, खिडकीशी गेलो, परत आलो. गिरणीच्या भोंग्याबद्दल काहीतरी होतं. जागतिक जलसाठ्यांबद्दल काहीतरी होतं. आईची एक कळशी होती. तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. प्रत्येक वेळी ते खोटं वाजायचं. ताई चहा ढवळत होत्या, माझ्याकडे पाठ करून, आणि त्या पाठीवर मला काहीही वाचता येईना.

"साडेतीन," त्या म्हणाल्या.

चार वाक्यं ठेवली. चार वाजून चाळीस मिनिटांनी फाइल गेली. बाईंनी फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "आता कशालाही हात लावू नका. हात मागे." मी मागे घेतले. खरंच.

प्रयोग दादरला झाला, दिवाळीच्या आठ दिवस आधी. पडदा वर गेला तेव्हा नळापाशी पिंपावर ताई बसल्या होत्या, केस भांगापासून तीन बोटं पांढरे आणि तिथून खाली काळे. अंबाड्यात ते काळं कसं लपवलं देव जाणे. त्यांच्या पहिल्या वाक्यालाच प्रेक्षक हसले आणि मग गप्प झाले, हवे तसे. विंगेतल्या स्टुलावर कोणी नव्हतं. त्या रंगमंचावर असताना तिथे बसायची कोणाची हिंमत?

माझं भाषण आलं. चार वाक्यं मी छान घेतली. "ज्यांनी भरलंय त्यांना विचारा." आणि त्या क्षणी, समोर अंधारात एवढी माणसं बघून, मला सगळं आठवलं! अख्खं दीड पान! भोंगा, कळशी, जागतिक जलसाठे, स्वल्पविरामांसकट, ओळीने, एखाद्या पंगतीसारखं समोर वाढलेलं. मी एक पाऊल पुढे टाकलं. छाती भरून घेतली. तोंड उघडलं.

आणि उजवीकडून, बरोबर सहा फुटांवरून, ओठ न हलवता आवाज आला. अर्धा श्वास, अर्धा शब्द.

"संपला, मेल्या. गप बस."

मी तोंड मिटलं. माझ्या त्या उघडमिटीला टाळी पडली. अध्यक्षाला शब्द सुचत नाहीत, असं लोकांना वाटलं. मग ताई गुडघ्यांवर हात ठेवून पिंपावरून सावकाश उठल्या, संहितेत होतं तशा, नाटकात एकदाच, आणि त्यांचं शेवटचं वाक्य त्यांनी सातव्या फुटापलीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

नंतर मेकअपच्या खोलीत त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "ताई, तुम्हाला ते अख्खं आठवत होतं ना?"

"आठवत होता म्हणून तर गाळला," त्या म्हणाल्या. "आता चहा सांग. आणि पाय हलवू नको, टेबल हलतंय."